टोपणनावाने खेळताना काय लपवावं आणि काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगड, कणकवली, चिपळूण आणि मुंबई-ठाण्यातली काही मंडळी पावसाळ्यात टोपणनावं घेऊन 'डिप्लोमसी' हा पटावरचा, एकमेकांना पत्रं लिहून खेळायचा युद्धाचा खेळ खेळतात. प्रश्न विचारणारे त्या खेळाचे पंच आहेत. खेळातल्या १९०३ सालच्या वसंताची फेरी चालू असताना त्यांना कळलं की रशिया आणि तुर्कस्तान या दोन्ही जागा एकच माणूस चालवतोय. दुसरी जागा त्याने चुलतभावाच्या नावावर घेतली होती. त्याचं म्हणणं, "ओळख लपवायचीच होती, आणि या खेळात एकमेकांना फसवायचंच असतं. मग माझं चुकलं कुठे?" त्याच सुमारास असंही बाहेर आलं की 'बाळा' नावाने फ्रान्स खेळणारी व्यक्ती मुलगी आहे, आणि दोघातिघांना त्याचाही राग आलाय. दोन्ही प्रकरणांना एकच न्याय लावायचा का?

नाही. त्या मुलीने काहीही वावगं केलेलं नाही. दोन देश चालवणाऱ्याने केलंय, आणि या खेळात त्याहून मोठी लबाडी फारशी उरत नाही. दोघांनी वरवर एकच गोष्ट केली, खरी ओळख झाकली. पण एकीने स्वतःचं नाव झाकलं, दुसऱ्याने पटावर माणसं किती आहेत तेच झाकलं.

हा खेळ ॲलन कॅलहॅमर यांनी १९५४ मध्ये रचला आणि १९५९ मध्ये तो बाजारात आला. सात सत्ता, युरोपच्या नकाशावर ३४ सेंटर म्हणजे जिंकायची ठाणी, त्यातली १८ हातात आली की जिंकलात. फासे नाहीत, पत्ते नाहीत. सगळ्यांच्या ऑर्डर, म्हणजे सैन्य हलवायचे लेखी हुकूम, एकाच वेळी उघडतात, त्यामुळे शेजाऱ्याने दिलेला शब्द तो पाळणार की मोडणार हे ओळखणं हाच सगळा खेळ. शब्द मोडणं नियमात बसतं, त्यात कुणाला अपराधी वाटण्याचं कारण नाही. १९६३ पासून लोक हा खेळ टपालाने खेळू लागले. तेव्हाच्या काही खेळांत दुसऱ्या देशाच्या नावाने खोटी पत्रकं छापून आणायलाही मुभा असे, पण ती मुभा आहे की नाही हे खेळ सुरू होण्यापूर्वी जाहीर केलेलं असायचं. पुढे 'गनबोट' प्रकार रूढ झाला, ज्यात कुठला देश कोण खेळतंय हे शेवटपर्यंत कुणालाच सांगत नाहीत. म्हणजे मुखवटा या खेळाला नवा नाही. दशावतारात लुगडं नेसून आलेला स्त्रीपार्टी प्रेक्षकांना फसवत नाही, कारण रंगभूमीवर काय चाललंय हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. टोपणनावाच्या खेळाचंही तसंच आहे: नावं खोटी आहेत हे सगळ्यांनी आधीच मान्य केलंय. सातऐवजी सहाच डोकी खेळतायत, हे मात्र कुणी मान्य केलं नव्हतं.

नुकसान नेमकं कुठे होतं ते काळ्या समुद्रावर बघा. खेळ जिथे सुरू होतो त्या १९०१ च्या वसंतात रशियाचा फ्लीट (आरमार) सेवास्तोपोलला असतो, तुर्कस्तानचा अंकाराला. दोघांमध्ये काळा समुद्र. तो दुसऱ्याच्या हाती गेला तर आपलं घरचं बंदर धोक्यात येतं, म्हणून पुष्कळ खेळांत दोघेही तिथे फ्लीट टाकतात, टक्कर होते आणि दोघेही जागच्या जागी राहतात. दोस्ती ठरली तरी पहिलं वर्षभर दोघांनाही एकेक युनिट (सैन्याची किंवा आरमाराची सोंगटी) या संशयापायी गुंतवून ठेवावं लागतं. प्रत्येकाकडे जेमतेम तीन-चार युनिट असताना हा खर्च फार मोठा. दोन्ही देश एकाच माणसाचे असले की तो खर्चच उरत नाही. रशियाचा फ्लीट बेधडक रुमानियात जातो, तुर्की फ्लीट मोकळ्या काळ्या समुद्रात उतरतो, आणि त्याच वर्षाच्या शरदाच्या फेरीत तोच रुमानियाला सपोर्ट, म्हणजे शेजारून पाठबळ, देतो. सुरुवातीच्या २२ युनिटांपैकी सात एकाच डोक्यातून हलतात. ऑस्ट्रियाने कितीही सुंदर पत्रं लिहून त्या दोघांत फूट पाडायचा प्रयत्न केला तरी ती पडणारच नसते. त्याचं चातुर्य, त्याने रात्री जागून लिहिलेली पत्रं, सगळं पहिल्या दिवसापासून वाया गेलेलं असतं, आणि हे त्याला कळायला काही मार्गही नसतो. दगा खाल्लेला खेळाडू निदान 'मी माणूस चुकीचा ओळखला' असं म्हणू शकतो. इथे ओळखायला दुसरा माणूसच नव्हता.

तेव्हा पंच म्हणून नियम लिहिताना भेद असा करा. खेळाडू आपल्या हेतूबद्दल, सैन्याबद्दल, झालेल्या तहांबद्दल वाटेल ते खोटं बोलू शकतो. एक माणूस एक जागा, पंच कोण, मुदत काय, नियम काय, या चार बाबतींत मात्र खोटं चालणार नाही. पंचाच्या नावाने बनावट मेसेज पाठवणं कुठल्याच प्रकारात चालवून घेऊ नका, कारण मग पंचाच्या खऱ्या निरोपावरही कुणी भरवसा ठेवत नाही आणि खेळ तिथेच संपतो. बनावट स्क्रीनशॉटचा नियम आधीच लिहून ठेवा, चालेल की नाही. दोन्ही पद्धतींनी चांगले खेळ होतात, गप्प राहिलात तरच भांडण होतं.

आता त्या मुलीविषयी. बाईने पुरुषाच्या किंवा कुठल्याही नावाने खेळणं यासाठी तिला कारण सांगण्याची गरज नाही. तिच्या टोपणनावाने पटावरचं कुणाचंही गणित बदललं नाही. फ्रान्स एकच होता, एकच राहिला. ज्यांना राग आलाय त्यांना विचारा की बाळा बाई आहे हे माहीत असतं तर त्यांनी कोणती ऑर्डर वेगळी दिली असती. 'वेगळी दिली असती' हे उत्तर आलं, तर तिने नाव झाकलं हे योग्यच केलं हे त्यातूनच सिद्ध होतं. उलट बाजूही लिहून ठेवतो. बाईचं नाव घेऊन समोरच्याशी लाडीगोडी करायची, त्याला खरोखरच गुंतवायचं आणि त्या बदल्यात म्युनिकचं सेंटर मिळवायचं, हे नियमात नसलं तरी बंदच ठेवा. घरात आजारपण आहे, कुणी गेलं, पैशांची अडचण आहे, असं खोटं सांगून सहानुभूती किंवा मुदतवाढ उकळणंही त्यातच. खेळातलं खोटं पटावरच्या सोंगट्यांबद्दल असावं; समोरच्याच्या खऱ्या काळजीला हात घालणारं नसावं. आणि गावातल्या खऱ्याखुऱ्या, ओळखीच्या माणसाचं सोंग घेणं तर अजिबात नको.

नोंदणीत काय करायचं ते सांगतो, कारण दोन जागांची लबाडी बहुतेक वेळा नोंदणीच्या ढिलाईतूनच शिरते. प्रत्येक खेळाडूशी पंचाने दोन मिनिटं व्हिडिओ कॉलवर बोलावं. आधार कार्ड वगैरे मागू नका, चेहरा आणि आवाज पुरे. नाव-टोपणनावाची यादी कागदावर लिहा आणि कागद घरात ठेवा; फोनवरची यादी चुकून फॉरवर्ड होते. मग एक प्रश्न सगळ्यांना सारखाच विचारा: तुमच्या घरातलं, तुमच्या वायफायवरचं किंवा तुमचा फोन वापरणारं आणखी कुणी या खेळात आहे का? आपल्याकडे दोघे भाऊ, दीर-वहिनी, काका-पुतण्या एकाच माजघरातून खेळणं अगदी साहजिक आहे, त्यात काही वाईट नाही. तसं असेल तर त्यांना दूरदूरचे देश द्या, उदाहरणार्थ इंग्लंड आणि तुर्कस्तान, आणि सर्वांना एवढंच कळवा की या खेळात एकाच घरातले दोन जण आहेत. कोण ते सांगू नका. जाहीर केलेली गोष्ट सगळे हिशोबात धरतात.

चुलतभावाने जागा घेतली आणि खेळला दुसराच, या प्रकाराला एक सोपा लगाम आहे. दर दोन वर्षांनी, म्हणजे खेळातल्या वर्षांनी, पंचाने प्रत्येकाला न सांगता फोन करावा आणि विचारावं, "तुमच्या युनिटांपैकी सगळ्यात अडचणीत कुठलं, आणि का?" जो खेळतोय तो अर्धा मिनिट सहज बोलतो. नावापुरता असलेला चाचपडतो.

ओळख गळते कुठून तेही बघा, कारण लपवू देतो म्हणायचं आणि लपू द्यायचं नाही हा पंचाचा दोष ठरतो. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये नंबर दिसतो. नंबर मिळाला की यूपीआयच्या ॲपमध्ये तो टाकून खातेदाराचं नाव वाचायला दहा सेकंद लागतात, पैसे पाठवावेही लागत नाहीत. म्हणून टोपणनावाचा खेळ व्हॉट्सॲपवर नको. टेलिग्रामवर यूजरनेम घ्या आणि प्रायव्हसी सेटिंगमध्ये फोन नंबर 'कुणालाच नाही' करा, किंवा खेळापुरते वेगळे जीमेल उघडा. गुगल डॉक्समध्ये सामाईक नकाशा ठेवलात तर बदलांच्या इतिहासात लॉगिन केलेल्याचं नाव उमटतं. नकाशा पंचाने एकट्याने बदलावा, बाकीच्यांना चित्र मिळावं. भाषा सगळ्यात आधी फितूर होते. "फ्लीट खंय चल्लो?" असं एक वाक्य गेलं की तो माणूस राजापूरच्या खालचा हे सगळ्यांना कळतं. पत्रं प्रमाण मराठीत लिहा असं सुचवावं, सक्ती करू नये; कुणी चिपळूणकराने मुद्दाम मालवणीत लिहून लोकांना चकवलं तर ते खेळातलं कौशल्यच आहे. आणि गणपतीत सगळे चाकरमानी गावात आले, दोन खेळाडू एकाच आरतीला उभे राहिले, की कसली गुप्तता! गणपती आणि शिमगा या दोन्ही सणांना खेळ थांबवा, तारखा पहिल्याच पत्रात द्या.

त्रयस्थ पंच मिळाला नाही आणि सगळेच खेळत असतील तर ऑर्डर गुप्त ठेवायला एसएचए-२५६ हॅश, म्हणजे मजकुरावरून संगणकाने काढलेली ठशासारखी खूण, वापरतात: प्रत्येकाने आपल्या ऑर्डरचा ६४ अक्षरी हॅश ग्रुपवर टाकायचा, सगळ्यांचे आले की मूळ मजकूर उघडायचा, मजकूर बदलला असेल तर हॅश जुळत नाही. यात दोन गोष्टी बिघडतात. नुसत्या ऑर्डरचा हॅश केला तर प्रतिस्पर्धी सगळ्या शक्य ऑर्डरींचे हॅश काढून तुमची ओळखतो, कारण तीन-चार युनिटांच्या शक्यता संगणकाला किरकोळ असतात. म्हणून मजकुराच्या शेवटी निदान सोळा वाटेल ती अक्षरं-आकडे जोडा. दुसरी गोष्ट खास आपल्या लिपीची. 'दुसऱ्या' या शब्दातला र वेगवेगळ्या कीबोर्डवरून दोन निरनिराळ्या संकेतांत टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, हॅश मात्र पूर्ण वेगळा येतो, आणि प्रामाणिक माणूस खोटारडा ठरतो. शेवटी राहिलेली एखादी मोकळी जागाही तेच करते. ऑर्डर प्रांतांच्या ठरलेल्या क्रमांकांतच लिहा, '7-12' अशा थाटात, फक्त इंग्रजी आकड्यांनी.

संशय आला तर काय धरायचं आणि काय नाही, इथे पंच सर्वांत जास्त घसरतात. दोघेही एकाच रात्री गायब होते, हा पुरावा नव्हे. जुलैत फिडर उडाला की अख्खा तालुका अंधारात असतो. दोघांचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) एकच दिसतो, हाही नव्हे. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात, त्यामुळे एकमेकांना न ओळखणारे दोघे एका पत्त्यावर दिसू शकतात. पाहायचं ते ऑर्डरींत. सपोर्टचा नियम काटेकोर आहे: बल्गेरियाने 'रुमानियाच्या आर्मीला सर्बियात जायला' सपोर्ट दिला आणि ती आर्मी बुडापेस्टला गेली, तर सपोर्ट फुकट. दोन खऱ्या दोस्तांमध्ये असे घोटाळे होतातच. कुणी निरोप उशिरा वाचतो, कुणी ऐनवेळी मन बदलतो. दोन-तीन वर्षांत दोन देशांमधला एकही सपोर्ट चुकला नाही आणि त्यांच्यातली पत्रं जेमतेम दोन ओळींची, तर शंकेला जागा आहे. त्यातच एकाला दुसऱ्याचं उघडं पडलेलं सेंटर घेऊन आघाडी मिळत असताना त्याने ते घेतलं नाही, तर शंका पक्की होत जाते. तरीही आरोप ग्रुपवर करू नका. दोघांनाही एकाच वेळी, वेगवेगळ्या फोनवर, पुढच्या दहा मिनिटांत व्हिडिओवर या असं सांगा. नेटवर्क नसल्याचं कारण खरं असू शकतं, म्हणून तीन वेगवेगळ्या दिवशी विचारा.

खेळाडू मध्येच सोडून गेला आणि बदली आला तर टोपणनाव तेच राहू द्या, पण 'या जागेवर हात बदलला आहे' एवढं जाहीर करा. आधीच्याने दिलेला शब्द नव्याला बांधील नसतो, आणि समोरचा मात्र जुन्याच माणसाच्या स्वभावावर विसंबून सैन्य हलवत असतो.

चॅटबॉटकडून पत्रं लिहून घेणाऱ्यांचा प्रश्न आता येणारच, म्हणून मोठ्या पटांवरची उदाहरणं माहीत असावीत. २०१६ च्या डिसेंबरअखेर ते ४ जानेवारी २०१७ या काळात अल्फागो या संगणक प्रोग्रामने 'मॅजिस्टर' आणि 'मास्टर' या नावांनी इंटरनेटवर गो हा पटावरचा खेळ खेळून नामवंत खेळाडूंविरुद्ध ६० डाव जिंकले. समोर यंत्र आहे हे शेवटी सांगितलं. २०१९ मध्ये स्टारक्राफ्ट २ या संगणकावरच्या युद्धखेळाच्या युरोपीय सर्व्हरवर अल्फास्टार हे तसंच यंत्र उतरलं तेव्हा मात्र ज्यांनी खेळातच बटण दाबून होकार दिला त्यांच्याशीच ते खेळलं, कुठल्या डावात ते मात्र सांगितलं नाही. आणि २०२२ मध्ये मेटा कंपनीचा सिसेरो हा प्रोग्राम वेबडिप्लोमसी या डिप्लोमसीच्याच संकेतस्थळावर निनावी ४० डाव खेळला, ८२ माणसांशी पत्रव्यवहार केला. डाव चालू असताना कुणीही त्याला यंत्र म्हणून ओळखल्याचं त्या पत्रांत दिसलं नाही. यातली स्टारक्राफ्टची पद्धत बरोबर, असं माझं ठाम मत आहे. यंत्र कुठे आहे हे लपवा, पण ते असू शकतं याला होकार आधी घ्या. माणसं रात्री बसून ज्याची मनधरणी करतात त्याला मन आहे की नाही, हे जाणून घ्यायचा त्यांना हक्क आहे. तुमच्या खेळात नियम एका ओळीचा करा: पत्रं स्वतः लिहायची, ऑर्डरचा निकाल काढायला सॉफ्टवेअर चालेल.

क्लॅनच्या, म्हणजे टोळ्या करून खेळायच्या, मोबाइल आणि ऑनलाइन खेळांतल्या हेरगिरीलाही हीच फूटपट्टी लागते. ईव्ह ऑनलाइन या अंतराळयुद्धाच्या खेळात फेब्रुवारी २००९ ला 'बँड ऑफ ब्रदर्स' ही बलाढ्य युती तिच्याच एका पदाधिकाऱ्याने फितूर होऊन विसर्जित केली. त्याने स्वतःचं खातं आणि रीतसर मिळालेले अधिकार वापरले, त्या खेळात हे चालतं. दुसऱ्याचा पासवर्ड वापरून आत शिरणं ही मात्र हेरगिरी नव्हे. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पोरांना हा फरक स्पष्ट सांगा, ती एकमेकांचे पासवर्ड सर्रास वापरतात. आणि टोपणनावांच्या खेळात पैसा आणू नका, पन्नास रुपयेही नाही. पैसे लावून ऑनलाइन खेळ चालवण्यावर २०२५ च्या कायद्याने बंदी आहेच, शिवाय झाकलेलं नाव आणि पैसा एकत्र आले की प्रत्येक चुकीला फसवणुकीचा वास येतो.

तुमच्या चालू खेळाचं आता असं करा. १९०३ च्या वसंताच्या ऑर्डर उघडू नका. उरलेल्या पाचही जणांना एकाच वेळी, एकाच मजकुराचं पत्र पाठवा: रशिया आणि तुर्कस्तान एकाच हातात होते, दोन्ही जागा काढून घेतल्या आहेत. खरं नाव लिहू नका. हा माणूस उद्या बाजारात, जत्रेत सगळ्यांना भेटणार आहे; त्याची शिक्षा खेळापुरती ठेवा, या हंगामात जागा नाही, पुढच्या वर्षी पुन्हा नोंदणी करून येऊ शकतो. पाच जणांना ४८ तास द्या: १९०१ पासून नवा खेळ, की दोन बदली खेळाडू घेऊन हाच पुढे? बहुमताने ठरवा. माझा सल्ला नव्याचा आहे, कारण दोन वर्षांतली सगळी सेंटरं त्या बिनखर्ची दोस्तीच्या जोरावर वाटली गेलीत. तरी त्यांनी हाच पुढे न्यायचं ठरवलं तर बदली खेळाडूंना आपापल्या देशाचीच जुनी पत्रं द्या, दुसऱ्याची नाही, आणि ती वाचायला मुदत आठवडाभर वाढवा.

बाळाचं नाव बाहेर कसं पडलं तेही शोधा. तुमच्या यादीतून गेलं असेल तर तिची माफी तुम्ही मागायची, नाराज मंडळींनी काही ठरवायचं नाही. तिला विचारा, फ्रान्स याच नावाने चालू ठेवायचा की नवं टोपणनाव हवं, आणि ती सांगेल तसं आजच करून टाका.